सारूची साक्ष

सांगली,
शुक्रवार, ११ जानेवारी १९४६

प्रिय सारू,

सलाम. खुशाली विचारत नाही. विचारली की तू लिहिणार, प्रभूच्या कृपेनं सर्व ठीक आहे, आणि तुझ्या हातचं ते वाक्य मला आता वाचवत नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण सारी उमर दवाखान्याच्या वॉर्डात उभी राहिलेल्या नर्सचे गुडघे गप्प कसे बसतील? काम सुटल्यापासून मला दोनच उद्योग उरले आहेत. सकाळी शेजारच्या मेहरुनबीच्या नातवंडांची नाकं पुसायची आणि उरलेला दिवस लोकांवर संशय घ्यायचा. दुसऱ्या कामात माझा हात किती बसलेला आहे ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायका मला हसतात. म्हणतात, अक्काला देवानं नाकाचं दान दिलंय, तिला सगळीकडे वास येतो. हसू देत. मला वास येतो तो येतोच.

हे पत्र तुला एकटीला मिळावं म्हणून आजच टाकते आहे. तुझ्या नाथाजीरावांची सभा परवा रविवारपासून तीन दिवस इथे सांगलीत आहे. गणपती पेठेपासून घाटापर्यंत पत्रकं चिकटवली आहेत, रोग्यांसाठी प्रार्थना होईल, सर्वांनी यावे. म्हणजे बुधवारपर्यंत ते इथे आणि तू वाईला घरात एकटी. वाच आणि चुलीत घाल. मेहुण्याच्या पाठीमागे त्याच्या बायकोचे कान भरते आहे असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणो.

सारू, हंगामाच्या सणाला तू आलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. सगळ्या गावांची मंडळी आपापलं पहिलं पीक घेऊन उपासनेला आलेली, कुणाचा गूळ, कुणाची हळद, कुणाची कोंबडी. तू वाईहून घेवड्याची पाटी आणलीस. दरवर्षी तू ती पाटी डोईवर घेऊन, दोन्ही हात वर धरून, सगळ्यांच्या पुढे चालत जातेस. आई म्हणायची, सारू देवाला नाही, गावाला दाखवायला चालते. यंदा पाटी नाथाजीरावांच्या खांद्यावर होती आणि तू मागून आलीस. मग भजनाला बसलो. बायकांत टाळ वाजवावेत ते तूच, आणि यंदा टाळ दुसरीच्या हातात देऊन तू नुसती मान हलवत बसलीस. शेवटी वाहिलेल्या पिकाच्या लिलावात तुझ्याच घेवड्यावर बोली चढली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, तू उजव्या हातानं मांडीवर थापटलंस. मी वेदीकडे बघतच नव्हते. तुझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तो सबंध सकाळभर कुशीला चिकटून होता.

आणि शनिवारची न्हाणी. तू माहेरपणाला आलीस की तुझी पाठ मी चोळायची आणि तू ओरडायचीस, हा आपला रिवाज. यंदा मी उटणं घेऊन आले तर न्हाणीला आतून कडी. म्हणालीस, अक्का, मी आता काय लहान आहे? चाळिशीला आलीस तेव्हा लाज सुचली होय तुला? मी बाहेर उभी राहून पाणी ओतल्याचा आवाज ऐकत होते. तू एका हातानं न्हात होतीस, सारू. तांब्या ठेवायचा, चोळायचं, पुन्हा तांब्या उचलायचा. असं न्हाणाऱ्या बायका मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्या आहेत.

तेव्हा बोलले नाही, कारण नुसता वास होता, पुरावा नव्हता. पुरावा गेल्या आठवड्यात चालत माझ्या दारात आला. दिवाळीच्या आधीपासून साताऱ्याला लेकीकडे राहिलेली अंबूबाई परत आली ती थेट माझ्याकडे, चपला न काढता. साताऱ्याच्या सभेत नाथाजीरावांच्या बायकोनं उभं राहून साक्ष दिली म्हणे. तिच्याच तोंडचं लिहिते. "आवं अक्का, तुमी सांगितलं न्हाई कवा! सारूबाईच्या छातीत गाठ हुती म्हणं, सुपारीयेवढी. नाथाजींनी हात ठिवला आन् इरघळली बगा, मिठाच्या खड्यावानी. लय रडल्या बाया. मी बी रडले." मी म्हटलं, हो, मला ठाऊक होतं. तुझ्या अब्रूसाठी खोटं बोलले. अंबूबाई गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि उंबऱ्यावरच बसले.

गाठ विरघळली असती तर तू माझ्या पुढ्यात येऊन दोन्ही हातांनी टाळ वाजवले असतेस. साक्ष साताऱ्यात दिलीस ती दिवाळीच्या आधी, असं अंबूबाई सांगते. हंगामाचा सण त्यानंतर झाला. मग विरघळलेली गाठ सणाला तुझा हात का धरून बसली होती?

आता मी जे लिहिणार आहे ते तुला झोंबेल, पण लिहिते. माझा संशय तुझ्यावर नाही, तुझ्या यजमानांवर आहे. त्यांनीच तुला उभं केलं असणार. ज्याच्या हातानं गावोगावचे आजारी बरे होतात त्याची स्वतःची बायको दवाखान्याची पायरी चढली तर लोक काय म्हणतील? हा हिशोब कुणीतरी मांडलाय आणि त्यात तुझी छाती पणाला लावली आहे.

मला नाथाजीराव पूर्वी आवडायचे, हे तू कबूल करशील. तुझं लग्न ठरलं तेव्हा मीच आईला म्हटलं होतं, माणूस कमी बोलतो, प्रवचन आटोपशीर करतो, आणखी काय पाहिजे? कृष्णेच्या पल्याडच्या गावांत सुवार्ता सांगत हिंडायचं, येताना कुणाच्या तरी शेतावरची भाजी घेऊन यायचं, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या उपदेशात निम्मी मंडळी पेंगायची आणि ते कुणावर रागवायचे नाहीत. मग गेल्या वर्षी हरिपूरचं ते पेव झालं आणि माणूस बदलला.

त्या दिवशीची चौकशी मी तेव्हाच करून ठेवली होती, तुला सांगितली नव्हती. हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत भरून ठेवतात हे तू पाहिलंच आहेस, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट. वरून मातीनं लिंपून टाकलं की आतली हवा विषारी होते. म्हणून पेव उघडलं की आधी ते तसंच मोकळं सोडतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात, आणि कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो. त्या गावात हे पोरासोरालाही ठाऊक आहे. पण आप्पासो व्यापाऱ्याला भाव चढलेला दिसला, गाड्या जुंपून उभ्या होत्या, आणि त्यानं घाई केली. त्याचा हमाल ज्ञानू कंदिलाची वाट न बघता उतरला आणि आतच कोसळला. बाकीच्यांनी फास टाकून त्याला ओढून काढलं आणि नदीच्या वाऱ्याला आणून टाकलं. इथे मुक्कामाला आलेले नाथाजीराव तिथून भजनाला चालले होते. त्यांनी गुडघे टेकले, ज्ञानूच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं हाक मारून प्रार्थना केली. ज्ञानू खोकला आणि उठून बसला.

मी ज्ञानूच्या बायकोला, रंगूबाईला, जाऊन भेटले. किती वेळ पडला होता, ओठ कसे होते, श्वास चालू होता का, सगळं खोदून विचारलं. ती माझ्यावर चिडली. "अक्का, मेलाच हुता त्यो. ओठ निळं पडलं हुतं. ह्या हातानं म्या त्येचं डोळं झाकलं. तुमी आता मला इच्यारताय श्वास हुता का?" मी काय सांगणार तिला? अशी माणसं मोकळ्या हवेत आणली की कधीकधी उठतात, कधी उठत नाहीत. ज्ञानू का उठला हे मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. नाथाजीराव होते, आणि त्यांना वाटलं की त्यांना माहीत आहे. तिथेच घोळ झाला.

त्यानंतर कऱ्हाड झालं, सातारा झाला, पत्रकं आली, आवाजाला धार आली. पैशाला ते हात लावत नाहीत हेही मी चौकशी करून ठेवलं आहे, आणि खरं सांगू, त्यानंच माझा संशय वाढला. पैसे खाणारा माणूस एका ठिकाणी थांबतो, त्याचं पोट भरतं. हजार माणसं आपल्या हाताकडे बघत आहेत ही चटक कुठे थांबते?

तू म्हणशील, अक्काचा कृपादानांवर विश्वासच नाही. आहे, बाई. शास्त्रात सांगितलंय की आत्म्यानं आपल्या इच्छेनं ज्याला त्याला दानं वाटून दिली, कुणाला बरं करण्याचं, कुणाला देवाचा संदेश सांगण्याचं, कुणाला परक्या भाषा बोलण्याचं, कुणाला आत्मे पारखण्याचं, आणि कुणाला नुसतं दुसऱ्याच्या मदतीला धावण्याचं. मी हे खरं मानते. फक्त माझ्या पाहण्यात असं आलंय की पहिल्या दानासाठी सगळे हात पसरून उभे असतात आणि शेवटचं दान मिळालंय असं सांगत कुणी पत्रकं छापत नाही. आणि दान ज्याच्या हाती येतं त्याच्यासाठी ते नसतंच. पोस्टमनच्या पिशवीत मनीऑर्डर असते म्हणून ती पोस्टमनची होत नाही. आमच्या डॉक्टरीणबाई चाकू हातात घेण्याआधी टेबलापाशी डोळे मिटून उभ्या राहायच्या, ओठ हलायचे. त्यांच्या हातातलं दान कुणी दिलं मग? दवाखान्याच्या दारात आत्मा थांबतो आणि मांडवात तेवढा शिरतो, असं कुठे लिहिलंय ते मला नाथाजीरावांनी दाखवावं.

आईची आठवण काढायची नव्हती पण काढते. तिनं पदराखाली काय दाबून ठेवलं होतं ते आपल्याला कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते आणि माझ्याच आईनं मला हात लावू दिला नव्हता. ती लाजेपोटी लपवत होती. पुरुष डॉक्टर बघेल म्हणून. तू कशापोटी लपवतेस? नवऱ्याच्या नावापोटी? आईला मी माफ केलंय, तिच्या काळात तिला दुसरं काही सुचलं नसेल. तुला करणार नाही. तुझी अक्का नर्स आहे, मिरजेचा दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तू माझ्या घरात मुक्काम करून आतून कडी लावून न्हालीस.

म्हणून असं कर. सोमवारी हे मिळेल. शेजारी सांग, अक्का आजारी आहे, जिन्यावरून पडली, काय वाटेल ते सांग, आणि निघ. मी मिरजेच्या स्टेशनावर उभी राहते. नाथाजीरावांना काही कळवू नकोस, मी इथे त्यांना बघून घेते. भर सभेत उठून विचारीन की तुमच्या बायकोची

शनिवार, सकाळ

सारू, वरचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण तेवढ्यात काल दुपारी दारात नाथाजीराव उभे राहिले. मी पत्रावर सूप पालथं घातलं आणि तांदूळ निवडत बसल्याचं सोंग केलं. सुपात तांदूळ नव्हते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मला वाटलं, आला. आपण सभेत तोंड उघडणार याचा ह्यालाही वास आला. म्हणून मी चहा ठेवला नाही आणि बसा असंही म्हटलं नाही. ते आपण होऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसले. किती वाळलेत गं! मांडवात उंच दिसतात म्हणून कुणाच्या ध्यानात येत नसेल. मग एकदम म्हणाले, "अक्का, सारूची गाठ गेल्याली न्हाई."

समोरच्याला बोलू द्यायचं असलं की मी गप्प राहते. मग त्यांनी सांगितलं. तू भाद्रपदात त्यांना दुखतंय म्हणून सांगितलंस. त्यांनी हात ठेवून प्रार्थना केली, उपास केला, पुन्हा हात ठेवला. आणि काही दिवसांनी तू हसत सांगितलंस की गेली, विरघळली. ते लहान पोरासारखे घरभर नाचले म्हणे. साताऱ्याला तुला घेऊन गेले ते आनंदानं. साक्ष द्यायला त्यांनी तुला उठवलं नव्हतं, सारू. तूच उठलीस. ते ऐकून मला धक्का बसला, पण मी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. मग परतीच्या मोटारीत खड्डा आला, गाडी आदळली, तुझी कूस बाकाच्या कडेवर आपटली, आणि तू ओठ चावून डोळे मिटलेस. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू डोळे उघडून हसलीस. तेव्हाच त्यांना कळलं.

मी विचारलं, मग इतके दिवस काय करत होता? त्यांचं उत्तर त्यांच्याच बोलीत देते, कारण माझ्या भाषेत ते वेगळंच होईल. "म्या तिला इच्यारलं की ती म्हणती, तुमचं दान खरं हाय, माज्यापायी त्येला बट्टा लागू द्यायची न्हाई. म्हणती, साताऱ्याची ती म्हातारी तुमच्यावर इश्वास ठिवून काठी टाकून चालाय लागली, मी दवाखान्यात गेले तर ती पुन्यांदा खाली बसंल. आन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा म्हणती, गेलीच हाय गाठ, तुमालाच भास हुतोय. हात लावू देत न्हाई, अक्का. सोता माज्यासंगं पराथनेला बसती आन् देवाचे आभार मानती. माज्यानं न्हाई ऐकवत."

आणि मग तो माणूस माझ्या ओसरीवर, भर दुपारी, मेहरुनबीच्या सुना समोर धुणं वाळत घालत असताना, गुडघ्यात डोकं घालून रडला. म्हणाला, "दान खोटं ठरू दे. ज्ञानू वाऱ्यानं उठला म्हणा. माजं तोंड काळं हू दे. पर ती राहू दे."

मी वॉर्डात पुष्कळ प्रार्थना ऐकल्या आहेत. हिच्यासारखी क्वचितच ऐकली. तरीही मी हलले नाही, मला ओळखतेस तू. रडणारे पुरुष मी पाहिले आहेत, तेही पुष्कळ. मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग? रविवारी मांडवात हेच सांगाल? ते उठले, वहाणा घातल्या आणि गेले. मला वाटलं, सापडला. ओसरीवर रडणं सोपं, मांडवात बोलणं अवघड. मी सूप उचललं, वरचं वाक्य पुरं करायला पेन हातात घेतलं, पण लिहवेना. रात्री उशाशी पत्र तसंच पडून राहिलं.

आज सकाळी कृष्णात आला. आपल्या मंडळीचा पंच, सभेचा सगळा बोजा त्याच्याच डोक्यावर. तो संतापलेला होता. म्हणाला, काय केलंय तुमच्या मेहुण्यानं ते बघा! काल संध्याकाळी पंचांपुढे उभं राहून नाथाजीरावांनी सांगितलं की सभा होणार नाही. माझी बायको आजारी आहे, माझ्या प्रार्थनेनं ती बरी झालेली नाही, साताऱ्याला दिलेली साक्ष खरी नव्हती, आणि दोष तिचा नाही, माझ्या नावाचा आहे. मी तिला दवाखान्यात नेणार. पंचांनी समजावलं, निदान एवढी सभा तरी होऊ द्या, गावोगावहून माणसं निघाली आहेत. त्यावर म्हणाले, माणसं येतील तर त्यांच्यासाठी पाळकसाहेब प्रार्थना करतील, देव काही माझ्याबरोबर वाईला चाललेला नाही. कृष्णात बोलत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हा खोटं बोलायला माझ्याकडे कशाला येईल? इतका चिडलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला मी चहा दिला, तो न पिताच गेला.

तुझ्या म्हातारीचं काय होईल ते मला माहीत नाही, सारू. कदाचित ती चालत राहील. ती देवावर विश्वास ठेवून उठली असेल तर तुझ्या दवाखान्यातल्या खाटेमुळे कशाला खाली बसेल? आणि नाथाजीरावांच्या हातात दान आहे की नाही, तेही मी ठरवू शकत नाही. माझं नाक तिथवर पोचत नाही. मी त्यांच्यावर वर्षभर संशय घेतला. त्यातला निम्मा चुकला. उरलेल्या निम्म्याचं उत्तर त्यांनी काल पंचांपुढे दिलं. एवढं मात्र सांगते, त्या मांडवात त्यांचं ऐकायला हजार माणसं येणार होती, आणि त्यांनी ती सगळी एका माणसासाठी सोडली. हे सगळ्यांना जमत नाही.

मघाशी ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी त्यांना ही पहिली पानं दिली, वाचा म्हटलं. दारात उभ्याउभ्या वाचली. मी फाडायला हात पुढे केला तर म्हणाले, "नगा फाडू, अक्का. तिला कळू द्या की तुमाला बी ठावं हुतं." म्हणून पत्र टपालात टाकलं नाही, चिकटवलंही नाही. ते ओसरीवर थांबलेत, हे पुरं झालं की घेऊनच वाईला निघतील. ते तुझ्या हाती देतील तेव्हा समोर बसलेले असतील. त्यांनीच मला हे लिहायला सांगितलं, कारण त्यांनी तोंडानं विचारलं की तू पुन्हा हसणार आणि बरी आहे म्हणणार, आणि ते हसणं बघायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. डॉक्टरीणबाईंना मी निरोप धाडला आहे, मंगळवारी त्या तपासतील. उशीर झालाय की नाही, मला माहीत नाही. साध्याही गाठी असतात, नसतातही. माहीत असल्यासारखं मी लिहिणार नाही. मला तुला एवढंच कळवायचं होतं, सारू, की ज्यांच्यापासून तू लपवत होतीस त्यांना सगळं ठाऊक आहे. मोटारीतल्या त्या खड्ड्यापासून ठाऊक आहे. आता तुला कुणासाठीही बरं असायची गरज नाही. ऊठ, लुगडं बदल, आणि त्यांच्याबरोबर निघून ये.

वाट बघणारी, तुझीच,
अक्का